अहोंच्या नावाचं कुलूप

छबूबाई पठारे यांच्या संगणकात चोर शिरणं शक्यच नव्हतं. तसं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. नवदुर्गा महिला दूध संस्थेच्या सभेत, ऐंशी बायकांसमोर आणि दाराच्या चौकटीला टेकलेल्या छगनसमोर.

छगन म्हणजे गावातल्या पुरुषांच्या दूध संस्थेचा चेअरमन. योजनेतून गावाला एकच संगणक आला आणि तो बायकांच्या डेअरीला मिळाला, तेव्हापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. बायकांच्या पोटात काही राहत नाही, पासवर्ड दुसऱ्या दिवशी गावभर होईल, असं त्याचं म्हणणं. त्यावर छबूबाई उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "ज्या दिवशी माझ्या तोंडून पासवर्ड निघंल, त्या दिवशी कॉम्प्युटर तुमच्या दारात आणून ठेवते." सभेनं टाळ्या वाजवल्या. छगननं मात्र ते वाक्य इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

छबूबाईंच्या या आत्मविश्वासाचं मूळ पारनेरच्या कार्यशाळेत होतं. 'सायबर सुरक्षा आणि ग्रामीण महिला' असा विषय होता. टाय लावलेल्या एका सरांनी पडद्यावर दोन तास इंग्रजी अक्षरं पळवली. मग चहा, मग लाडू-चिवड्याचं पाकीट, मग प्रमाणपत्र. सगळ्यात एकच वाक्य छबूबाईंना कळलं: पासवर्ड असा ठेवा, की जो झोपेतसुद्धा तुमच्या तोंडून निघणार नाही.

एसटीत बसून त्यांनी विचार केला. बत्तीस वर्षांच्या संसारात झोपेत, तापात, तीन बाळंतपणांत, एवढंच काय, भांडणातसुद्धा तोंडून न निघालेला शब्द एकच होता. नवऱ्याचं नाव! गावाला पोचल्या पोचल्या त्यांनी कीबोर्डवर पदर धरला, एकेक अक्षर शोधून काढलं आणि 'कानिफनाथ' हे कुलूप संगणकाला ठोकून दिलं.

आता हे नाव डेअरीच्या फलकावर फूटभर अक्षरांत रंगवलेलं होतं: 'चेअरमन सौ. छबूबाई कानिफनाथ पठारे'. रेशनकार्डावर होतं, कार्यशाळेच्या प्रमाणपत्रावरही होतं. पण ते लिहिलेलं. लिहिलेल्याचं काय एवढं! रोज सकाळी छबूबाई पदराआड कुलूप उघडायच्या आणि नोंदी करणारी राजेश्वरी तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून उभी राहायची.

एका गुरुवारी दुपारी राजेश्वरी जेवायला गेली होती. डेअरीत छबूबाई एकट्याच होत्या. फोन वाजला.

"छबूबाई कानिफनाथ पठारेच बोलताय ना मॅडम? मी सायबर सुरक्षा कक्षातून बोलतोय. तुमचा पासवर्ड मजबूत आहे का, एवढंच तपासायचंय. सांगता का?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब त्यांना मॅडम म्हणाला होता. सरकारला सांगणं म्हणजे काही बाहेर सांगणं नव्हे, असा निवाडा त्यांनी मनाशी करून टाकला. सांगायची तयारी पुरी होती. पण जीभच उचलेना. अहोंचं नाव! तेही परक्या पुरुषाजवळ!

"सायेब, तेवढं तोंडानं घेता येत न्हाई. खुणेनं सांगते. नाथ हाये शेवटी."

पलीकडं खटखट झाली. साहेबांनी तिकडूनच डेअरीच्या ऑनलाइन खात्याला सोमनाथ घालून पाहिलं. ते लागेना. मग केदारनाथ. तेव्हा छबूबाईंनी त्यांना समजावलं, की एवढं लांब हिमालयात कशाला जायचं, आपल्याच जिल्ह्यातलं दैवत आहे. मढीला गडावर बसलंय, रंगपंचमीला तिथं गाढवांचा बाजार भरतो. साहेब कुठल्या मुलुखातले होते कोण जाणे. त्यांनी 'मढी' घातलं. नशीब, गाढव नाही घातलं. मग एकनाथ.

छबूबाईंना त्यांची दया यायला लागली. दिवसभर बिचारे असेच फोन लावत बसत असतील.

"अवो सायेब, फोन लावल्या लावल्या तुमीच बोलला की ते. त्यातलंच मधलं हाये."

साहेबांनी आठवून पाहिलं. सायबर सुरक्षा कक्ष. त्यातलं मधलं 'सुरक्षा'. पाचवी खटखट झाली आणि खातं बंद पडलं. पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. "मावशी, मी हात जोडतो," एवढं बोलून साहेबांनी फोन ठेवला. आपण तपासणीत नापास झालो, ही रुखरुख घेऊन छबूबाई बसून राहिल्या.

राजेश्वरी आली तेव्हा संगणकावर लाल पट्टी झळकत होती. पाच वेळा चुकीचा पासवर्ड, खातं बंद. तिनं सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारून घेतला. तो साहेब नव्हता, चोर होता. आणि छबूबाईंनी त्याला चोरी करायला जमेल तेवढी मदत केली होती.

तोवर पाच वाजले. किटल्या घेऊन बायकांची रांग लागली. सात वाजता टँकर यायचा, आणि नोंद झाल्याशिवाय तो थेंबभर दूध उचलत नसे. खातं बंद पडल्याची कुणकुण लागून छगनही आला. त्याची स्वतःची किटली नव्हती. तो नुसता बघायला आला होता. बंद संगणक बायकांना काय कामाचा, बाहेर टेम्पो उभा केलाय, आजच नेऊ, असं त्यानं दोन-तीनदा ऐकवलं.

राजेश्वरीनं संगणकाच्या कंपनीला फोन लावला. तो सात वाजत आले तेव्हा कुठं लागला. तिनं आवाज मोठा केला. पलीकडची मुलगी फार गोड होती. खातं लगेच सुरू करून देते म्हणाली. फक्त चेअरमन मॅडमनी ओळखीसाठी स्वतःच्या तोंडानं आपलं पूर्ण नाव सांगायचं.

सगळी रांग फोनकडं सरकली.

"छबूबाई," छबूबाई म्हणाल्या. मधलं गिळून टाकलं. "पठारे."

"मधलं नाव, मॅडम?"

"ते बोर्डावर हाये."

राजेश्वरीनं ते सांगून पाहिलं. चालेना. आधार कार्डाचा फोटो पाठवते म्हणाली. तोही चालेना. नियम होता. टँकरचा हॉर्न शाळेपाशी वाजला. छगन टेम्पोवाल्याला हाक मारायला वळला. छबूबाईंच्या डोळ्यांत पाणी तरारलं. संगणकाच्या या डब्यासाठी त्यांनी तालुक्याला सतरा हेलपाटे घातले होते.

तेवढ्यात रांगेतून भीमाबाईचा आवाज आला. "अगं, लग्नात घेतलं हुतंस की. उखाणा घे!"

छबूबाईंनी डोळे मिटले. लाजून चूर झाल्या. आणि फोनकडं पाठ करून एका दमात म्हणाल्या,

"किटलीतलं दूध ओतलं, फॅट लागला साडेचार,
कानिफनाथरावांच्या नावानं उघडतं कॉम्प्युटरचं दार!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या मुलीनंही वाजवल्या. खातं सुरू झालं. आणि मग सगळ्यांच्या हळूहळू ध्यानात आलं, की चेअरमनबाईंनी आत्ता नेमकं काय सांगून टाकलंय.

"झालं!" छगन म्हणाला. "भर रांगेत पासवर्ड फुटला. लिहून ठेवलंय मी. उचला कॉम्प्युटर."

भीमाबाईनं किटली खाली ठेवली आणि दाराच्या मधोमध उभी राहिली. "त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं. बायकांनी घेऊ नये असं तुमच्या इतिवृत्तात कुठं लिवलंय का छगनभाऊ? आन पासवर्ड काय, दुसरा घालतील. तुमी व्हा बाजूला, दूध नासतंय."

छगन बाजूला झाला. तसंही ऐंशी किटल्यांमधून संगणक न्यायला वाट कुठं होती! राजेश्वरीनं पहिली नोंद घातली.

गोड मुलीनं निरोप घेताना सांगितलं, की पासवर्ड आता बदला, आणि हो, प्रशिक्षणासाठी हा कॉल आम्ही रेकॉर्ड केलेला आहे.

रांगेच्या अगदी शेवटी कानिफनाथ पठारे घरची किटली धरून उभे होते. बत्तीस वर्षं 'अहो' आणि 'ऐकलं का' या दोन हाकांवर काढलेला माणूस. ते लोकांना बाजूला करत पुढं आले, घसा खाकरला आणि फोनपाशी वाकून हळूच म्हणाले,

"ताई, ते रेकॉर्ड मला पाठवाल का? माझा नंबर लिवून घ्या."