सुभेदारमामाची मोठी भिंत

दुसरा माणूस जेवायला बसला की माझा मामा उठून उभा राहायचा. नुसता उभा नव्हे. भिंतीला पाठ, टाचा जुळलेल्या, डाव्या मनगटावर घडी घातलेला पंचा आणि नजर जेवणाऱ्याच्या ताटावर. वाटीतली आमटी तळाला जायच्या आत वाटी भरलेली असायची. पाहुण्याला संकोच वाटून तो म्हणायचा, "सुभेदार, तुमीबी बसा की!" मामा म्हणायचा, "तुमचं चालू द्या. मला भित सोडून चालत न्हाई."

मामा बावीस वर्षं फौजेत होता, त्यातली बरीचशी ऑफिसर मेसमध्ये. साहेब लोक जेवायचे, हा मागं उभा. सगळे उठले की याचं जेवण आत स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच उरकायचं. नायब सुभेदार होऊन पेन्शनीत आला, पण पाठ काही भिंतीवरून सुटली नाही.

दुष्काळ सरला, विहिरीचं पाणी टिकलं, उसानं हात दिला आणि मामानं कडेगावजवळच्या आपल्या गावी स्लॅबचा बंगला बांधला. त्यात गावानं कधी न पाहिलेली एक खोली होती. डायनिंग हॉल! आठ खुर्च्यांचं सागवानी टेबल कराडहून आलं. दोन खुर्च्यांत किती अंतर हवं ते मामानं फूटपट्टीनं मोजलं आणि जमिनीवर खडूनं खुणा केल्या. गाव खिडकीतून बघून गेला. घोटाळा एवढाच होता, की मुली सासरी गेल्यामुळं घरात माणसं दोनच. मामा कुणाच्या आधी बसायचा नाही आणि मामी मामाच्या आधी बसायची नाही. मामी तर टेबलावर बसायचीच नाही. तिचं ताट चुलीपुढं, पाटावर. आठ खुर्च्यांवर बसायला घरातलं कुणीच नव्हतं.

अशात मामाच्या पलटणीच्या कर्नलसाहेबांचं पत्र आलं. सांगलीला लग्नाला येणार होते; पुढच्या रविवारी सुभेदाराकडं जेवून जाणार होते. मामानं पत्र तीनदा वाचलं, हॉलमध्ये जाऊन उभा राहिला आणि चारी बाजूंनी बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. भिंती मोकळ्या होत्या.

"मोकळी भित म्हंजे बिनटोपीचा जवान," मामा म्हणाला. मग दोन ओळींचं कार्ड मला साताऱ्याला आलं. 'भिंतींचा प्रश्न आहे. ताबडतोब निघणे.'

मी साताऱ्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. माझ्या कलेची कदर अखेर कुणाला तरी झाली, म्हणून मी भारावलो. मी रंगवलेलं अजिंक्यताऱ्याचं तैलचित्र चादरीत गुंडाळलं आणि एस.टी.त दोन्ही गुडघ्यांवर धरून नेलं. कंडक्टरनं आरसा समजून त्यात भांग पाडायची परवानगी मागितली, तेही मी मोठ्या मनानं सोसलं.

हॉलमध्ये भिंतींची बैठक चालू होती. शेजारचा ज्ञानू पैलवान गदा खांद्यावर घेतलेला आपला फोटो घेऊन आला होता, अंगावर फक्त लंगोट.

"सुभेदार, हे लावा. बघूनच भूक लागंल."

"बघून जेवणारा लाजंल गड्या. साहेब बुशकोटात आणि तू असा," मामा म्हणाला.

मामी दारातूनच म्हणाली, "मी काय म्हंते, खुट्ट्या मारा चांगल्या डझनभर. बियाण्याची कणसं टांगता येत्याली. उंदीर लय झाल्यात."

"डायनिंग हॉलात कणसं? साहेब काय म्हंत्याल?"

"साहेबाला सांगा, भाजून देते दोन."

मी चादर सोडली. मामा चित्रासमोर बराच वेळ उभा राहिला. मी नम्रपणाचा चेहरा तयार ठेवला.

"किल्ला झ्याक उतरलाय मास्तर," तो म्हणाला, "पर हा चढ बघूनच दम लागतुय. जेवण न्हाई जायचं." आणि माझा अजिंक्यतारा हात धुवायच्या बेसिनवर गेला. आजही तिथंच आहे. त्याच्या पायथ्याशी साबणाची वडी असते.

बाकीच्या दोन भिंतींवर मामाची पदकं आणि पलटणीचा ग्रुप फोटो आला. राहिली ती मोठी भिंत, टेबलाच्या डोक्याकडची. तिच्याबद्दल मात्र मामा कुणाला बोलू देईना.

"मेसमधी मोठ्या भितीला मान असतोय. पलटणीचं नाव ज्यानं राखलं, त्याचाच फोटो तितं लागतुय. दुसऱ्याचा न्हाई."

"मग कुणाचा लावणार?"

"ते माझं मी बघितलंय. सांगलीला दिलंय करायला. शनवारी तू जाऊन घेऊन ये. आणि कागूद सोडू नगंस. साहेबांच्या म्होरं सोडायचा, शिस्तीत."

सांगलीचा फोटोवाला मला बघताच उभा राहिला. फार हळू आवाजात 'बसा' म्हणाला. चहा मागवला. मी काही बोलायला गेलो की मान खाली घालून ऐकायचा. निघताना तो कागदात बांधलेला भला मोठा फोटो त्यानं स्वतः उचलून स्टँडपर्यंत आणला आणि एस.टी. सुटेपर्यंत हात जोडून उभा राहिला. साताऱ्याच्या ड्रॉइंग मास्तरचं नाव सांगलीपर्यंत पोचलंय, या विचारात मला विट्यापर्यंत झोप लागली नाही.

रविवारी कर्नलसाहेब आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, पंजाबी. टेबलाच्या डोक्याला बसले; शेजारी सरपंच, पैलवान आणि मी. मामा अर्थातच भिंतीला. साहेब म्हणाले, "बैठो सुभेदार!" मामानं टाचा जुळवल्या, "जी साब," म्हणाला आणि उभाच राहिला. मग मला खूण केली. मी मोठ्या भिंतीवरच्या फोटोवरचा कागद सोडला.

फोटो मामीचा होता.

कुठल्याशा जुन्या लग्नातल्या घोळक्यातून तिला एकटीला काढून हातभर मोठी केलेली. डोक्यावर पदर, कपाळावर आडवी चिरी. पण डोक्यामागं सोनेरी वलय रंगवलेलं होतं, चौकटीला चंदनाचा हार होता आणि वर तांबडा छोटा दिवा.

आता मला सांगलीच्या त्या चहाचा उलगडा झाला. आमच्याकडं चारचौघांचे फोटो हयातीत निघतात; पण एकट्या बाईमाणसाचा एवढा मोठा फोटो भिंतीवर येतो, तो तिचे दिवस झाल्यावर. मामानं फोटोवाल्याला धाडलेल्या चिठ्ठीत फौजी बाण्यानं लिहिलं होतं, 'सोबतच्या फोटोतील डावीकडून तिसऱ्या बाईंचा मोठा फोटो करणे. मानात कसूर नको.' त्या भल्या माणसानं कसूर ठेवली नव्हती.

कर्नलसाहेब खुर्चीवरून उठले, फोटोसमोर ताठ उभे राहिले, मग वळून मामाचा हात धरला. "बहुत अफसोस हुआ, सुभेदार. कब?"

तेवढ्यात मामी भाकऱ्यांची दुरडी घेऊन दारात आली. तिनं भिंतीकडं पाहिलं, हाराकडं पाहिलं, दिव्याकडं पाहिलं.

"आवं," ती म्हणाली, "मला कवा नेली ते तरी सांगायचं!"

पैलवानाला ठसका लागला. सरपंच टेबलाखाली काहीतरी शोधायला लागले. मामा लाल झाला, मग पांढरा पडला. पण फौजी गडी, सावरला. पंचा झटकून पुन्हा मनगटावर घेतला.

"साब," तो म्हणाला, "मेस में बड़ी दीवार पर किसका फोटू रहता है? जिसने पलटन का नाम रखा, उसका. बाईस साल मैं आपके पीछे खड़ा था. इधर इसके पीछे कोई खड़ा नहीं था. ये अकेली थी." मग त्याची हिंदी संपली. "इहीर हिनं काडली साब. ऊस हिनं लावला. दोन पोरी उजवल्या, तवा मला रजाबी न्हवती. मी आलो ते आयत्या ताटावर."

कर्नलसाहेबांनी मामीकडं बघितलं. मोठ्या भिंतीवरचा हार काढून बाजूला ठेवला, आपली डोक्याकडची खुर्ची मागं ओढून धरली आणि म्हणाले, "पहले आप."

मामी दुरडी टेबलावर ठेवून स्वयंपाकघरात पळाली. ती साहेबांची जीप ओढा ओलांडेपर्यंत बाहेर आली नाही. आली ती थेट हॉलमध्ये, स्टूल घेऊनच.

"काढा ते आधी. जित्तेपणी मला टांगलीय. सवाष्णीला हार घालत्यात व्हय कुटं?"

"काडतो," मामा म्हणाला. "पर भितीवर न्हाई तर खुर्चीवर. तू टेबलाला जेवणार असशील, तर काडतो."

"आणि तुमी? माझ्या डोक्यावर उभं राहणार? घास गिळंल का मला?"

मामानं मनगटावरच्या पंच्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली. बावीस वर्षांची सवय एका वाक्यात सुटत नसते. मी माझ्या अजिंक्यताऱ्याखाली हात धुतले आणि साताऱ्याची गाडी धरली.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो, न कळवता. बरोबर जेवायच्या वेळेला पोचलो. हॉलच्या दारातच थबकलो.

मोठी भिंत मोकळी होती. नुसता खिळा. खाली डोक्याकडच्या खुर्चीवर मामी बसली होती, एक पाय वर घेऊन मांडी घातल्यासारखी. तिच्या उजव्या हाताला मामा. बसलेला! पाठ खुर्चीला न टेकवता, परेडला बसल्यासारखा, पण बसलेला. मनगटावर पंचा नव्हता. मामीनं घास घेतला, की मगच मामा घास घेत होता.

"मीठ कमी हाय," मामी म्हणाली.

दोघांची बूडं एकदमच खुर्चीवरून अर्धी उचलली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि दोघंही पुन्हा खाली बसली. कुणीच उठेना.

मग मामाची नजर दाराकडं गेली.

"आलास व्हय मास्तर? बरा आलास. आतनं मीठ घेऊन ये."

मी मीठ आणलं. आधी मामीला वाढलं, मग मामाला. आणि बसायचं सोडून, का कोण जाणे, त्या खिळ्याखाली भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.