चाळीस घरांना नोटीस

टप्! टप्, टप्, टप्...

दीड तास थोपटल्यावर धाकटा नुकताच झोपला होता. घरात इतकी शांतता, की मी श्वाससुद्धा चोरून घेत होते. आणि लेकीचा चेंडू उड्या मारत थेट पाळण्याखाली! धाकट्याने भोंगा लावला.

"घरात चेंडू?"

"आई, आम्ही ना खाली—"

"गप्प! आधी बाळाकडे बघू दे!"

पोरीची तरी काय चूक? इमारतीमागच्या मैदानाला बिल्डरने वर्षभर कुलूप ठोकलेलं. सहा वर्षांच्या जिवाने खेळावं कुठे, छताला लटकून? बाळाला खांद्यावर टाकून मी जाहीर केलं, "मी कोर्टात जाणार! चाळीसही घरांच्या वतीने!"

हसू नका, मी वकील आहे! सनद सध्या लंगोटांच्या गठ्ठ्याखाली असते, एवढंच.

धाकट्याच्या दोन झोपांमध्ये मी दावा लिहिला. तारखेला ऐटीत उभी राहिले.

जज मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "मैदान बंद झाल्याने तुमचं काय बिघडलं?"

"मॅडम, मी त्याच इमारतीत राहते. माझी मुलगी घरात चेंडू खेळते!"

"ते तुमचं गाऱ्हाणं झालं. बाकी एकोणचाळीस घरांचं तुम्ही कसं बोलता?"

"सगळ्यांचं हित एकच आहे, मॅडम."

"मग त्यांच्या वतीने लढायला कोर्टाची परवानगी लागते. अर्ज कुठाय?"

मी फाइलमधून कागद काढून रुबाबात पुढे केला. मॅडम बराच वेळ बघत राहिल्या.

"यात मुलं कुंपणाच्या भोकातून आत शिरतायत. आणि हा हत्ती आहे का?"

लेकीने माझ्या अर्जाच्या पाठीवर खडू चालवले होते!

"तो... बिल्डर असावा, मॅडम. बाकी लहान मुलीचं स्वप्न. कृपया कागद उलटा करा!"

कागद उलटला, परवानगीही मिळाली. पण ज्यांच्या वतीने मी लढणार, त्या प्रत्येक घराला नोटीस द्यायचा हुकूम झाला. त्यांना आपलं म्हणणं मांडता यायला हवं ना!

मांडलं की! कोर्टाचा शिक्का बघून अख्खी इमारत माझ्या दारात!

"माझ्यावर केस केलीस?" तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कडाडल्या. "लेकीसारखं मानलं तुला!"

"काकू, तुमच्यावर नाही, तुमच्या वतीने!"

"मला न विचारता?"

"म्हणून तर नोटीस आली!"

आमचं घर सासूबाईंच्या नावावर, म्हणून नोटीस त्यांनाही; त्या तर दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सूनबाई, घरातल्या घरात रजिस्टर्ड पोस्ट? हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं मला."

नोटिशीचा अर्थ समजल्यावर परिस्थिती आणखी बिघडली. निवृत्त हेडमास्तरांनी दाव्यात सामील व्हायचा अर्ज दिला. त्यांना फिरायला फरशीची वाट हवी होती. काकूंना बाक हवे होते. कुणाला हिरवळ हवी होती, पण तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही! तडजोडीचा मसुदा ठरवायला बैठक भरली, तेव्हा धाकट्याला नेमकी भूक लागली. त्याला पाजून बाहेर येईपर्यंत सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या; त्याला सांभाळत मीही न वाचताच सही ठोकली. चाळीस घरं एकवटलेली पाहून बिल्डरही गारठला. तडजोडीवर कोर्टाने शिक्का मारला आणि कुलूप निघालं!

जिंकले हो! लेकीचा हात धरून मी वाजतगाजत मैदानात गेले.

फरशीच्या वाटेवर हेडमास्तर फेऱ्या मारत होते. बाकांवर काकूंची पलटण. कुंपणाचं भोक कोऱ्या जाळीने पक्कं बुजवलेलं. आणि हिरवळीवर पाटी: 'येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे.'

लेक त्या जाळीला बोट लावून उभी राहिली. चेंडू पोटाशी घट्ट.

"आई, आम्ही इथूनच तर रोज आत जायचो. सगळे. मोठं कुणी नसायचं."

मला ते चित्र आठवलं. आणि त्या दिवशी पाळण्यापाशी मी अर्ध्यात तोडलेलं तिचं वाक्यही.

"अगं, पण हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं ना!"

तिने वर पाहिलं. रागावली नव्हती. खरंच विचारत होती.

"मग आई, आम्हाला का नाही नोटीस पाठवलीस?"