देशकर काकांचं वाळवंट

मँचेस्टरच्या भर पावसात, पाठीवर दहा लिटर पाणी घेऊन तहानलेला चालणारा माणूस दिसला, तर ते आमचे देशकर काका समजा. मागे धापा टाकतोय, तो मी.

काका मूळचे नागपूरचे, इथल्या हॉस्पिटलातून रिटायर झालेले, माझे शेजारी. इथल्या उन्हाला ते ऊन मानतच नाहीत. त्यांना अमेरिकेतल्या एका वाळवंटात पायी जायचंय. तिथे परमिटशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि परमिट मिळतं लॉटरीनं. दर महिन्याला आमच्या दोघांच्या नावानं अर्ज मी भरतो. नंबर काही लागत नाही. तरी रविवारची प्रॅक्टिस ठरलेली, कारण "तिथं नळ नाही राहत बे!"

आठवडाभर ऑफिसात मान मोडल्यावर रविवारी मला फक्त झोपायचं असतं. पण सकाळीच बेल वाजते. काकांकडे पोहे खायचे, सॅक चढवायची आणि कॅनॉलच्या कडेनं चालत सुटायचं. टोपीवरून पाणी गळत असतं, आणि मी बाटलीला हात लावला की काका ओरडतात, "काहून पिऊन राहिला? दोन घोट! वाळवंट आहे!" एकदा परतताना ट्रॅमच्या स्टॉपवर एका आजीबाईंनी आम्हाला छत्रीत बोलावलं. काका म्हणाले, "नो थँक यू, वी आर इन द डेझर्ट." ट्रॅम आल्यावर आजीबाई दुसऱ्या डब्यात बसल्या.

गेल्या रविवारी मात्र बेल मी वाजवली. नंबर लागला होता! सुटलो एकदाचा, असं मला झालं होतं. वाळवंट उरकलं की रविवार माझे.

काका हसलेच नाहीत. कढईखालचा गॅस बंद करून खुर्चीत बसले.

"नाही म्हणता येते का रे?"

"काका, किती वाट बघितली आपण!"

"जाऊन आलो की संपलं ना." ते कढईकडे बघत होते. "तुझी काकू गेल्यापासून एकट्यासाठी पोहे भिजवावेसे वाटत नाही. वाळवंट झालं की तू रविवारी कशाला येशील?"

मला भरून आलं. पायही दुखतच होते. मी मोबाइलवर होकार कळवून टाकला.

"जाऊ या, काका. आल्यावर दुसरं वाळवंट शोधू."

"परमिटवालं?"

"परमिटवालंच."

"लॉटरीनं?"

"लॉटरीनंच. जिथं लवकर नंबर लागत नाही, असंच बघू."

काकांनी उठून गॅस पुन्हा पेटवला. मी बाटल्या भरायला घेतल्या. बाहेर पाऊस होताच.