प्रत्येक पाठीला एक बगळा

एका जंगलात कुणीच आजारी नव्हतं. पण मुलांनो, अशा जंगलात गोष्ट घडत नाही. म्हणून आपण नदी ओलांडून शेजारच्या जंगलात जाऊ. तिथे आजार भरपूर होते.

निरोगी जंगलाचं नाव पैलवन. आजारी जंगलाचं नाव ऐलवन. मध्ये गुडघाभर पाण्याची नदी. कुणाच्या गुडघ्याएवढं, असं विचारू नका. गोष्ट सांगताना मला मध्ये बोललेलं खपत नाही.

पैलवनचा राजा सिंह होता. ऐलवनचा राजा अस्वल होतं. सिंहाच्या डोक्यात रोज नवी योजना येई. अस्वलाच्या डोक्यात मधाशिवाय काही येत नसे. दोन्ही प्रजा आपापल्या राजाचं फार कौतुक करत असत, कारण न करणाऱ्यांचं काय होतं ते त्यांना ठाऊक होतं.

ऐलवनात गवत उंच होतं आणि गवतात गोचिडी होत्या. तुमच्यापैकी जी मुलं शहरात वाढली त्यांना सांगतो. गोचीड मसुराएवढी असते. ती जनावराच्या अंगाला चिकटते, रक्त पिते आणि वाटाण्याएवढी होते. फार गोचिडी लागल्या तर जनावर फिकं पडतं, खंगतं आणि एक दिवस उठतच नाही.

पण ऐलवनात गायबगळेही होते. दर मंगळवारी सगळी जनावरं पाणवठ्यावर रांगेत उभी राहायची. ती बगळ्यांना म्हणायची, "या, पाठीवर बसा." बगळे बसायचे आणि गोचिडी टिपून खायचे. रोग्याचा रोग तेच वैद्याचं जेवण. रोगी बरा व्हायचा आणि वैद्य ढेकर द्यायचा. ही पद्धत आजोबा-पणजोबांपासून चालत आली होती. ती इतकी सोपी होती की तिला कुणी योजना म्हणतच नसे.

बगळ्यांत सगळ्यात जाणते धवलनाना. त्यांची चोच अशी हलकी, की गोचीड निघाली हे गोचिडीलाही उशिरा कळे. रानम्हैस भोरी आपल्या पारडाला फक्त त्यांच्याच हाती, म्हणजे चोचीला, देई. भोरीची आधीची दोन पारडं जगली नव्हती. हे तिसरं. अंगाने नाजूक, कातडी कोवळी. गोचिडींना कोवळी कातडी फार आवडते.

आता पैलवनात काय झालं ते ऐका.

पैलवनात गोचिडी जवळजवळ नव्हत्याच. तिथली जनावरं सकाळ-संध्याकाळ चिखलात लोळायची. चिखल वाळला की त्याच्याबरोबर गोचीडही गळून पडे. पण एके दिवशी सिंह 'निरोगी पैलवन' या विषयावर भाषण देत असताना कुठूनशी एक गोचीड आली आणि त्याच्या कानात शिरली. सिंहाने उडी मारली. मग दुसरी मारली. मग तो गोल गोल फिरू लागला. भाषणाची ही नवी पद्धत असावी असं समजून प्रजेने टाळ्या वाजवल्या.

आरोग्यप्रधान साळिंदर धावत गेला आणि सिंहाच्या कानात डोकावू लागला. तेव्हापासून सिंहाला कानाबरोबर नाकाचाही त्रास सुरू झाला.

चार दिवसांनी गोचीड पोट भरल्यावर आपली आपण गळून पडली. पण तोवर धोरण ठरलं होतं. 'प्रत्येक पाठीला एक बगळा.'

अडचण एवढीच होती, की पैलवनात बगळा नव्हता. पूर्वी होते. पण दुसऱ्याच्या पाठीवरच्या गोचिडी खाणं हे काही मानाचं काम नाही, असं ठरल्यावर त्यांची पिल्लं शिकूनसवरून रोहित पक्षी व्हायला निघून गेली होती. म्हणून साळिंदराने नदीकाठी उभं राहून ऐलवनाकडे तोंड करून दवंडी पिटवली. येणाऱ्या प्रत्येक बगळ्याला स्वतंत्र बाभूळ! पहिला पावसाळा बेडूक मोफत!

पहिल्या दिवशी दहा बगळे गेले. आठवड्यात थवेच्या थवे गेले. शेवटी धवलनानाही भोरीकडे निरोप घ्यायला आले.

"भोरीवहिनी, मी काय हौसेनं जातोय होय? पोरांना घरटं नाही. इकडच्या बाभळी अस्वलानं मधासाठी हलवून हलवून मोडल्यात."

"मी कुठं अडवतेय, नाना?" भोरी म्हणाली. "तुमचं चांगलं होऊ दे. पण जाता जाता पारडाच्या कानामागचं तेवढं बघून जा."

नानांनी कानामागचं बघितलं. दोन्ही कानांमागचं बघितलं. शेपटीखालचंही बघितलं. मग ते उडाले.

पैलवनात मोठा उत्सव झाला. प्रत्येक पाठीला बगळा मिळाला. हत्तीची पाठ मोठी म्हणून त्याला सहा मिळाले. कासवाला एक मिळाला, तो सारखा घसरून पडे. सापाची पाठ नेमकी कुठे सुरू होते हे ठरवायला समिती बसली. फुलपाखरालाही एक बगळा दिला, पण तो बसल्यावर फुलपाखराचं नाव यादीतून कमी करावं लागलं.

मोफत बेडूक पहिल्याच आठवड्यात संपले. मुळात नसलेल्या गोचिडी तर त्याआधीच संपल्या. बगळे पाठीवर नुसते बसून राहिले. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, एका पायावर. लांबून बघणाऱ्याला वाटे, किती हे सेवाभावी ध्यान. ध्यान कसलं, भुकेने ग्लानी आली होती.

"महाराज, बगळे परत जायचं म्हणताहेत," साळिंदर म्हणाला.

"का?"

"आपल्याकडे रोग नाही. त्यामुळे त्यांची उपासमार होतेय."

सिंह गंभीर झाला. बगळे गेले तर पाठी रिकाम्या दिसणार. पाठी रिकाम्या दिसल्या तर लोक म्हणणार, पैलवनची आरोग्यव्यवस्था कोलमडली. त्याने आयाळ झटकली आणि विचारलं, "रोग कुठे मिळेल?"

"शेजारी, महाराज. उत्तम प्रतीचा."

आणि साळिंदर करार घेऊन अस्वलाकडे गेला. करार सोपा होता. ऐलवनाने गोचिडी द्यायच्या आणि पैलवनाने मधाची पोळी. अस्वलाने शेवटचे दोनच शब्द वाचले आणि पंजा उमटवला.

ही बातमी ऐकून भोरीला रडू फुटलं. आनंदाने हं. बगळे गेल्यापासून पारडाच्या अंगावर तीळ ठेवायला जागा उरली नव्हती. "नेऊ देत बाई सगळ्या गोचिडी," ती म्हणाली. "देवच पावला."

पण देव पावायच्या आधी अस्वलाचा हुकूम आला. पैलवनला टपोऱ्या गोचिडीच हव्यात. म्हणून पिकण्याआधी कुणी गोचीड तोडू नये. झाडाला अंग घासू नये, त्याने माल चिरडतो. चिखलात लोळू नये, त्याने माल गुदमरतो. ऐलवनचे दोन्ही चिखलाचे खड्डे बुजवून त्यावर उंच गवत लावण्यात आलं. पिकून गळलेल्या गोचिडी पानांच्या द्रोणांतून नदीपार जाऊ लागल्या. अस्वल दिवसेंदिवस गुटगुटीत होऊ लागलं. राजाची तब्येत तीच राज्याची तब्येत, असं त्याने जाहीर केलं.

सगळ्यात टपोऱ्या गोचिडी निघाल्या त्या भोरीच्या पारडाच्या अंगावर. अस्वल स्वतः येऊन त्याच्या गळ्यात 'गोचीडभूषण'ची पट्टी बांधून गेलं. पारडाला उभं राहता येईना, म्हणून त्याचा बसल्या बसल्याच सत्कार झाला. पट्टीखाली सावली मिळाल्याने तिथे आणखी सात गोचिडी राहायला आल्या.

दुसऱ्या दिवशी पारडाने दूध तोंडात घेतलं नाही. भोरीने त्याच्या हिरड्या बघितल्या. कागदासारख्या पांढऱ्या.

तिने आधीची दोन्ही पारडं अशीच जाताना बघितली होती. तिने हुकूम, पट्टी, अस्वल, कशाकशाचा विचार केला नाही. पारडाला शिंगांनी उचललं, मानेवर आडवं घेतलं आणि भर दुपारी नदीत शिरली.

पलीकडच्या काठावर साळिंदर आलेला माल तपासत बसला होता.

"थांबा. कोण?"

"मी भोरी. ऐलवनची. साहेब, पारडू मरतंय. धवलनाना इथंच आहेत ना? त्यांना एकदा बघू द्या."

"पैलवनची आरोग्यसेवा पैलवनच्या पाठींसाठी आहे. ही पाठ बाहेरची आहे. परत न्या."

"अहो, ते नाना आमचेच की!"

"होते," साळिंदर म्हणाला. तेवढ्यात त्याची नजर पारडाच्या अंगावर गेली आणि त्याचे काटे आनंदाने उभे राहिले. "अरेच्चा! काय टपोरा माल आहे! हा आत येऊ शकतो. गोचिडींना प्रवेश आहे."

"आणि पारडाला?"

साळिंदराने करार काढला, पुढून वाचला, मागून वाचला. पारडू हा शब्द कुठेच नव्हता. द्रोण हा शब्द मात्र होता. माल उतरवून घेतल्यावर द्रोण परत करावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. त्याने थोडा विचार केला आणि पारडाची नोंद द्रोण म्हणून केली.

"बगळ्यांना बोलवा," तो ओरडला. "माल उतरवून घ्या. द्रोण परत!"

द्रोणातल्या शिळ्या मालाने पोट न भरलेले शंभर भुकेले बगळे आले. सगळ्यांत पुढे धवलनाना. हाडं मोजता येतील इतके वाळलेले. त्यांनी पारडाला ओळखलं आणि पंख पसरून थव्याला अडवलं.

"कुणी घाई करायची नाही," ते बाकीच्यांना म्हणाले. "लेकरू आहे. कानामागचं मी घेतो."

ऊन उतरेपर्यंत काम चाललं. शेवटची गोचीड निघाली तेव्हा पारडाने कान हलवले. मग मान उचलली. मग लटपटत उभं राहिलं आणि आईच्या कासेला जाऊन धडकलं. भोरी हंबरडा फोडून रडली. मुलांनो, मीही इथे जरा थांबतो. मला अशा वेळी घसा खाकरावा लागतो.

साळिंदरही खूश होता. द्रोणातल्या शिळ्या मालापेक्षा हा ताजा माल बगळ्यांना मानवला होता. "यापुढे असाच आणत जा," त्याने भोरीला सांगितलं. "दर मंगळवारी. अंगावरच. पण अंग भरलेलं हवं. रिकामा द्रोण आत घेतला जाणार नाही."

निघताना भोरीने हळूच विचारलं, "नाना, आमच्याकडचे चिखलाचे खड्डे बुजवलेत. पण नदीच्या वळणावर थोडा चिखल आहे, कुणाला माहीत नाही. तिथं याला रोज लोळवलं तर? गोचीड लागायचीच नाही."

धवलनानांनी पारडाच्या कानामागे पुन्हा एकदा बघितलं.

"नाही लागणार," ते म्हणाले. "पण गोचीड नसली तर तुम्हाला इथं आत घेणार नाहीत, वहिनी. आणि उद्या याला दुसरं काही झालं, खुराला जखम झाली, डोळा आला, तर मला दाखवायचं कसं?"

 भोरीला आधीची दोन पारडं आठवली.

ती पारडाला घेऊन नदी उतरून आली. वळणावरच्या चिखलाशी थबकली. पारडू उड्या मारत त्या चिखलाकडे धावलं. कितीतरी दिवसांनी त्याच्या पायांत उड्या आल्या होत्या. भोरीने त्याला शिंगाने अडवलं, कपाळ चाटलं आणि ढकलत ढकलत स्वतः उंच गवतात नेऊन सोडलं.

"खेळ बाळा," ती म्हणाली. "चांगला खेळ. मंगळवारी डॉक्टरांकडे जायचंय."

तात्पर्य : शेजारी निरोगी राहावा असं वाटत असेल, तर आपण मन लावून आजारी पडावं. शेजारधर्म म्हणतात तो हाच.