गाडीची उचकी

गाडीतला पंप मधूनमधून उचकी देत होता आणि कप्तानांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बेत त्या उचकीवर अडला होता.

‘कप्तान’ ही पदवी बायकोने दिलेली. कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिचं फिरतं घर केलं, तेव्हापासूनची. आत दोन बिछाने, शेगडी, हात धुवायला बेसिन, मागच्या दाराशी अंघोळीचा फवारा, बाकाखाली पाण्याची टाकी आणि बॅटरीवर चालणारा मुठीएवढा पंप. नळ उघडला की पंप आपोआप सुरू, बंद केला की आपोआप गप्प. उद्या सकाळी निघायचं होतं. मागे घर सांभाळायला सासूबाई येऊन दाखल झाल्या होत्या आणि गाडीला ‘पत्र्याचा डबा’ म्हणून मोकळ्याही झाल्या होत्या.

दुपारी बायको तालीम म्हणून गाडीत आडवी झाली. नळ बंद होते, पडदे ओढलेले होते. तिचा डोळा लागतोय तोच कानाखाली ‘टुर्रर्र’ झालं. ती दचकली, कूस बदलली, पुन्हा डोळा लागला, पुन्हा ‘टुर्रर्र’. चौथ्या खेपेला ती चपला घालून खाली उतरली.

“अहो, तुमच्या गाडीला उचकी लागलीय. कोण आठवण काढतंय ते विचारून घ्या आणि ती थांबवा. थांबली तर मी उद्या गाडीत. नाहीतर गाडीत तुम्ही एकटे.”

बायको असल्या बाबतीत शब्दाची पक्की. कप्तानांनी धावतपळत पंप विकणाऱ्याला फोन लावला. त्याने समजावून सांगितलं की पंपाने पुढे ढकललेलं पाणी नळ बंद असताना हळूहळू मागे टाकीत झिरपतं, पाइपातला दाब उतरतो, आणि कोणी तरी नळ उघडला असं समजून पंप बिचारा जागा होतो. पंपाच्या पुढे एक चेक व्हॉल्व्ह बसवा, म्हणाला. पाण्याला जाऊ देतो, परत येऊ देत नाही. मात्र दुकान आज बंद होतं आणि उघडणार होतं थेट परवा.

फोन ठेवता ठेवता कप्तानांची नजर परसात गेली. तिथे घराचा पंप होता. खालच्या टाकीतलं पाणी तो गच्चीवरच्या टाकीत चढवायचा. आणि त्याच्या डोक्यावर, पाइपात, पितळेचा एक ठेंगणा व्हॉल्व्ह बसला होता. अंगावर पाण्याची दिशा दाखवणारा बाण कोरलेला.

कप्तानांनी त्याच्याकडे साहेबाच्या नजरेने पाहिलं. इतक्या वर्षांत या व्हॉल्व्हने कधी आवाज केला नव्हता की तक्रार. कचेरीत त्यांनी सगळा जन्म माणसं एकाच मापाने मोजली होती. जो ओरडतो त्याच्याकडे काम आहे, जो गप्प बसतो तो रिकामा. रिकाम्या माणसाची बदली करायला त्यांना कधी दोनदा विचार करावा लागला नव्हता.

पंधरा-वीस मिनिटांत व्हॉल्व्हची बदली गाडीत झाली. त्याच्या जागी पाइपाचा साधा तुकडा बसला. माप जुळेना म्हणून गाडीत दोन जोड लागले आणि भरपूर पांढरी टेप लागली. पहिल्यांदा बाण उलटा बसला, तेव्हा पंप नुसता कण्हला आणि नळाला थेंब आला नाही. कप्तानांनी तो सुलट केला. नळ उघडला, पाणी खळखळून आलं. नळ बंद केला. पंप गप्प.

त्यांनी बायकोला हाताला धरून आणलं. दोघं बिछान्याच्या कडेला श्वास रोखून बसली. गाडी चिडीचूप. बायकोच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“थांबली की हो,” ती म्हणाली आणि पिशवी भरायला पळाली.

कप्तान स्टिअरिंगवर ठेका धरून बसले. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारीणबाईंनी विचारलं, “तुमची खालची टाकी वाहतेय. मुद्दाम सोडलीय का?”

परसात खालच्या टाकीच्या झाकणाखालून पाणी ओसंडत होतं. वर जाणारा पाइप गच्चीच्या टाकीत तळातून शिरत होता आणि आता पाण्याला अडवणारं कोणी नव्हतं. गच्चीवरचं सगळं पाणी आल्या वाटेने, पंपातून उलटं, खाली उतरलं होतं. त्याच क्षणी न्हाणीघरातून सासूबाईंचा आवाज आला.

“अगं, पाणी गेलं. माझ्या डोक्याला साबण आहे.”

बायकोने येता येता पंपाचं बटण दाबलं. पाणी वर चढू लागलं, सासूबाईंना एक तांब्या मिळाला असेल नसेल, तेवढं पुरे समजून तिने बटण बंद केलं. पाणी परत निघालं. पंप आतल्या आत उलटा गरगरू लागला आणि तो तसा फिरत असतानाच तिने पुन्हा बटण दाबलं. पंप एकदा घोगरा हुंकारला, फ्यूजचा जळका वास आला, घराची वीज गेली.

“डोळ्यांत जातंय,” आतून कळलं. आवाज शांत होता. म्हणून जास्त भीती वाटली.

कप्तानांना मग जे सुचलं ते त्यांना कचेरीत कधीच सुचलं नव्हतं. त्यांनी गाडी मागे घेत घेत न्हाणीघराच्या खिडकीला भिडवली. फवाऱ्याला बागेतली नळी जोडली, तिचं टोक गजांतून आत सरकवलं आणि फवाऱ्याचा नळ पूर्ण उघडला. मुठीएवढा पंप टुर्रर्र करत जोमाने सुरू झाला. आत आधी एक किंकाळी, मग शांतता, मग चक्क गुणगुणणं. गाडी सकाळपासून उन्हात होती. टाकीतलं पाणी छान कोमट झालं होतं.

गाडीची टाकी रिकामी झाली तेव्हाच सासूबाई बाहेर आल्या, केसांना पंचा गुंडाळून, तुकतुकीत चेहऱ्याने. त्यांनी गाडी पाहिली, नळी पाहिली, परसात जाऊन पाइपाचा नवा तुकडा पाहिला.

“जावईबापू, इथला व्हॉल्व्ह तुमच्या डब्यात गेलाय ना?”

बायकोने पिशवी खाली ठेवली. कप्तानांनी मान खाली घातली.

“फ्यूज बदलतो आणि व्हॉल्व्ह लगेच काढून इथे बसवतो, आई. तुम्हाला एकटीला इथे पाण्याशिवाय कसं ठेवू?”

व्हॉल्व्ह इकडे आला म्हणजे उचकी तिकडे आली, आणि उचकी आली म्हणजे उद्या गाडीत ते एकटे. पाना हातात घेऊन ते गाडीतल्या बाकाखाली वाकले.

“थांबा,” सासूबाई म्हणाल्या. “घरात माणूस असेल तर घरात पाणी चढवायचं ना?”

“हो.”

“आणि माणूसच नसेल तर?”

कप्तान वाकलेलेच राहिले. बायको म्हणाली, “आई, म्हणजे गं काय?”

“म्हणजे असा फवारा माझ्या घरी नाही आणि तुमच्याही नाही. किल्ली शेजारी द्या. खिडकीकडचा बिछाना माझा. जावईबापूंना बाक पुरेल, त्यांना कचेरीत बसल्या बसल्या झोपायची सवय आहे.”

सकाळी गाडी वेळेवर निघाली. टाकी काठोकाठ, सासूबाई खिडकीकडच्या बिछान्यावर, बायको त्यांच्या शेजारच्या, कप्तान स्टिअरिंगवर, छाती फुगलेली. पहिल्या मुक्कामापर्यंत पंपाने एकदाही उचकी दिली नाही असं ते पुढे सगळ्यांना अभिमानाने सांगत. दिली असती तरी त्यांना ऐकू आली नसती. मागे मायलेकी बोलत होत्या.