पात्रतेपुरता ताण

पिपरी मेघेत राहणाऱ्या अश्वजितला सोळा वर्षांच्या सरकारी सेवेत एकच सत्य गवसलं होतं : ज्या गोष्टीला आवक क्रमांक पडला नाही, ती गोष्ट जगात घडलेलीच नाही. तो कचेरीत आवक-जावक टेबलाचा लिपिक होता. घरातही पाहुणा आला की त्याचा हात नकळत तारखेच्या शिक्क्याकडे जाई.

अशा माणसाच्या घरी त्याच्या आठ वर्षांच्या लेकीच्या, नंदिनीच्या, दोन्ही कोपरांच्या खळगीत लाल, खरखरीत चट्टे उठले आणि पोरगी दिवसभर कराकरा खाजवू लागली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चट्टे पाहिले, मग सदऱ्याची बाही दोन बोटांत चोळून पाहिली.

"एक्झिमा आहे. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. अंघोळ झाली की लगेच हे मलम लावा आणि अंगात सुती कपडा घाला. हा गणवेश घासतोय तिला." आणि निघता निघता म्हणाल्या, "पोरीला उगाच ताण देऊ नका. ताणानं आतला दाह भडकू शकतो, खाज वाढते. खाज वाढली की पोर चिडतं, पुन्हा ताण. चक्र आहे ते."

मलम घरी आलं. प्रश्न सुती कपड्याचा होता. नंदिनीच्या शाळेचा गणवेश चकचकीत टेरिकॉटचा, वर कोट, गळ्यात टाय. ज्या जिल्ह्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांनी कापूस फुटतो, जिथं येऊन अख्खा देश सूत कातायला शिकला, तिथं पोरीला सुती सदरा घालायचा तर अर्ज करावा लागणार होता. दोन ऑक्टोबरला शाळा सगळ्या मुलांना खादीचा पोशाख सक्तीचा करी, हे खरं. पण तो खादीसारखा दिसणारा पोशाख होता. खादीसारखं पॉलिस्टर.

अश्वजितनं अर्ज लिहिला : 'सुती सदरा परिधान करण्यास परवानगी मिळणेबाबत.' लिहून त्यानं तो दोनदा वाचला आणि मान हलवली.

"वजन नाई यात," तो बायकोला म्हणाला. "नुसत्या खाजेवर कोण सही करते?"

"डॉक्टरची चिठ्ठी हाये न जोडलेली," ज्योत्स्ना म्हणाली.

"चिठ्ठी हाये. पण कारण भारी पाह्यजे."

म्हणून त्यानं एक ओळ वाढवली : 'सदर विद्यार्थिनी तीव्र मानसिक तणावाखाली असून...' सदर विद्यार्थिनी त्या वेळी खाटेवर उलटी लोंबकळून गाणं म्हणत होती.

"बाबा, तणाव म्हंजे काय?"

"तुले हाये तो," अश्वजित म्हणाला आणि त्यानं सही केली.

आठव्या दिवशी मुख्याध्यापिका जागृती मॅडमनी बोलावलं.

"नुसती खाज लिहिली असती ना, तर मी चिठ्ठी बघून तिथल्या तिथं हो म्हटलं असतं," त्या हळहळल्या. "पण तुम्ही तणाव लिहिला. तणाव आता माझ्या हातात नाही. तो समितीकडे जातो."

शाळेत गेल्या वर्षापासून बालक तणाव निवारण समिती होती. तिच्याकडे अजून एकही बालक आलं नव्हतं, त्यामुळे समितीच तणावाखाली होती. नंदिनीचा अर्ज पाहून पाचही सदस्यांचे चेहरे उजळले. तणावाची सवलत हवी तर तणावाची चाचणी, चाचणी शंभर गुणांची, पात्रतेसाठी पस्तीस. कोणावर अन्याय नको म्हणून चाचणी अख्ख्या तिसरीलाच घेण्यात आली.

प्रश्न सोपे होते. 'शाळेची घंटा ऐकून तुझ्या पोटात काय होते? (अ) गोळा येतो (ब) कधी कधी गोळा येतो (क) भूक लागते.' नंदिनीनं भुकेवर खूण केली. शेवटी 'इतर कारण असल्यास लिहा' अशी एक कोरी रेघ होती. तिथं तिनं लिहिलं, 'सदरा टोचते.' उत्तर अभ्यासक्रमाबाहेरचं असल्यामुळे त्याला गुण नव्हते. एकूण चौदा. शेरा : अपात्र.

चौदा गुण अश्वजितनं पचवलेही असते. पण संध्याकाळी शेजारच्या अनुसयाबाई पेढ्यांचा डबा घेऊन आल्या.

"आमच्या अंकितले एकाहत्तर आले व माय," त्या ज्योत्स्नाला म्हणाल्या. "तयारी काईच नवती. घरचं वातावरणच तसं हाये."

दार लागल्यावर अश्वजित येरझाऱ्या घालू लागला. "एकाहत्तर! त्या पोट्ट्याले कायचा आला ताण? दिवसभर पतंग उडवते."

"तुमाले पोरगी बरी कराची हाये का पास कराची हाये?" ज्योत्स्नानं विचारलं.

"पास झाली तरच बरी होईन न!" अश्वजित म्हणाला. हे वाक्य आपण काय बोललो, याचा विचार त्यानं केला नाही. आवक टेबलावर विचार करायची पद्धत नसते.

मागणी असली की पुरवठा पिपरी मेघेत आठवड्याच्या आत उभा राहतो. धर्मेंद्र सरांनी शिष्यवृत्तीच्या क्लासची पाटी पुसली आणि त्याच पाटीवर लिहिलं, 'तणाव पात्रता वर्ग. निकालाची परंपरा.' वर्ग सुरू व्हायचा होता, परंपरा आधीच सुरू झाली होती. वेळापत्रक काटेकोर होतं. पहिला तास घड्याळ लावून पाढे, दुसरा तास तुलना, शेवटी अर्धा तास 'पाहा शेजारचं पोर'. गृहपाठ पालकांना असे : जेवताना रोज तीन उसासे, आणि 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केलं' हे निदान दोनदा.

अश्वजित गृहपाठ चुकवणारा माणूस नव्हता. तो पाच उसासे टाकी.

महिनाभरात चट्टे कोपरावरून गुडघ्यामागं गेले, मग मानेवर आले. खाजवून खाजवून रक्त निघू लागलं. ज्योत्स्ना पोरीचा हात धरून तडक सरांच्या वर्गात गेली.

"सर, पाहा हे!"

सरांनी चष्मा लावून पाहिलं. "छान. प्रगती दिसून राह्यली. बेटा, पोट दुखते का?"

"नाई सर," नंदिनी म्हणाली.

"दुखन, दुखन. घाई नाई कराची."

फेरचाचणीत नंदिनीला शहाण्णव गुण मिळाले. चौकात फ्लेक्स लागला : 'तणावात प्रथम! कु. नंदिनी.' फोटोत ती मान खाजवत होती. फ्लेक्सवाल्यानं तो हात सफाईनं पुसून तिथं पुष्पगुच्छ दिला होता. अश्वजितनं पेढे वाटले, पहिला डबा अनुसयाबाईंकडे, आणि सवलतीचा अर्ज पुन्हा दाखल केला.

उत्तर लेखी आलं. 'ज्या विद्यार्थिनीने इतका ताण यशस्वीपणे पेलला, तिला सवलत देणे हा तिच्या क्षमतेचा अवमान ठरेल. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. सत्कारास पूर्ण गणवेशात, कोटासह उपस्थित राहावे.'

असली शेकडो पत्रं अश्वजितनं आजवर शिक्का मारून रवाना केली होती. मिळालं होतं हे पहिलंच.

त्याच दुपारी पवनारहून त्याची आई, पंचफुलाबाई, बसनं आल्या. नातीचे हात पाहून त्या मटकन खाली बसल्या.

"काऊन रे अश्वजित, पोरीचं कातडं सोलून राह्यला?"

अश्वजितनं फाइल उघडली आणि अर्ज, समिती, चाचणी, फेरचाचणी असं पानापानानं समजावलं. आईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं? आता कात्री कुठी हाये ते सांग."

धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं आपलं एक सुती लुगडं त्यांनी पिशवीतून काढलं, टराटरा फाडलं आणि नंदिनीच्या सदऱ्याला आतून टाके घालत बसल्या. "बाहेरून शाळेची, आतून आपली," त्या दोरा तोडत म्हणाल्या. कामाला चहा गार होण्याइतका वेळ लागला. आवक क्रमांक पडला नाही.

ज्योत्स्नानं नंदिनीचा क्लास बंद केला. अंघोळ झाली की मलम लागू लागलं. घरातले उसासे आजीनं डोळे वटारून थांबवले. महिनाभरात मान निवळली, गुडघे निवळले, कोपराच्या खळगीत फक्त फिकट सावली उरली. शाळेत कोणाच्या लक्षातही आलं नाही. शाळा पोर बाहेरूनच तपासते.

मग सहामाहीची तणाव चाचणी झाली. नंदिनीनं निम्म्या वेळात पेपर सोडवला आणि उरलेल्या वेळात मागच्या पानावर धाम नदी काढली, माशांसकट. गुण : नऊ.

"बाबा, आता खाजत नाई," कोपर दाखवत ती म्हणाली.

"ते ठीक हाये," गुणपत्रिकेवरची नजर न काढता अश्वजित म्हणाला. "पण नऊ?"

दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. पेढ्यांचा डबा या वेळी मोठा होता. "अंकितले सत्त्याण्णव. तुमच्या नंदिनीले किती?"

अश्वजितनं गुणपत्रिका पाठीमागं लपवली. "आमच्या पोरीनं या खेपेला जरा तब्येतीकडं लक्ष देलं," तो पडेल आवाजात म्हणाला, आणि त्याच्या स्वतःच्या कोपराला एकाएकी खाज सुटली.

दुसऱ्या दिवशी कचेरी सुटल्यावर तो धर्मेंद्र सरांच्या दारी प्रवेशाच्या रांगेत उभा होता. रांग चौकातल्या फ्लेक्सपर्यंत गेली होती. "आपल्याले काई हौस नाई बाप्पा," जो तो पुढच्याला सांगत होता, "पोरगं मागं नाई पडलं पाह्यजे, एवढंच." आणि जो तो खाजवत होता.

वाचकहो, हसलात? हसून घ्या. पण धर्मेंद्र सरांचा नंबर या गोष्टीच्या खाली दिलेला नाही. उगाच शोधू नका.