मधाच्या बावीस बाटल्या

शेवंताकाकूंच्या घरी फळीवर मधाच्या बावीस बाटल्या आहेत आणि काकू मधाला बोट लावत नाहीत. आकडा मी दोनदा मोजून घेतलेला आहे. बाविसावी बाटली माझ्याकडून जप्त झाली.

सीमेवरच्या आमच्या मावला गावात शेजारीच काकूंचा भाजीचा मळा. पण ओळखीतल्या कोणाला कळा सुरू झाल्या, की मेथीच्या जुड्या तशाच टाकून काकू दवाखान्यात हजर! कमरेला साबणाची वडी. बाळंतिणीच्या खोलीशी बसायचं आणि आत जाणाऱ्याला, मग तो डॉक्टर का असेना, म्हणायचं, "हात दाखव."

एकदा नवीन सिस्टर वैतागली, "अम्मा, तीन बार धोया!"

"चौथ्या खेपेनं झिजतीन काय, सिस्टरम्मा?"

सिस्टरनं हसत हसत चौथ्यांदा धुतले.

पण काकूंचा खरा आवडीचा उद्योग म्हणजे आजीबाईंची झडती. आमच्याकडे बाळाला आधी मध चाटवतात आणि आईचं पहिलं पिवळं दूध, म्हणजे चीक, पिळून फेकतात. काकूंचं उलटं. "पयलं दूध म्हंजे पयली लस! आन ती बाटली इकडं." एका आजींनी बाटली अंबाड्यात खोचली होती. काकू म्हणाल्या, "सकाळी तर सुपारीएवढा होता व माय तुहा अंबाडा!"

माझी रेखा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिला दवाखान्यात नेल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोनं डब्यात तळाशी मधाची बाटली दडवली आणि डबा माझ्या हाती दिला. "तुमच्यावर कोणाचा संशय जात नाही," म्हणाली.

काकूंनी दारातच अडवलं. "काल डबा तीन पुडांचा होता. आज चौथा काऊन जी, भाऊ?"

आयुष्यभर मी लोकांच्या बेरजा तपासल्या. माझी बेरीज कोणी तपासेल असं वाटलं नव्हतं. मला खोटं बोलता येत नाही. "त्यात मध आहे," मी म्हणालो. बरोबर आलेल्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा काकूंची झडती बरी.

तासाभरात नातू झाला. वजन दोन किलो शंभर. आणि पठ्ठ्या दूध ओढीना. बायको रडायला लागली, "बोटभर मध तरी द्या हो!"

"लेकरू मायच्या उघड्या छातीवरच राहू द्या," काकू म्हणाल्या. "वरून फडकं टाका. घाई करू नका." आत सिस्टरनं नेमकं तेच केलं होतं.

मी घड्याळ धरून बसलो. दहा मिनिटं. वीस. पस्तीस. हातातली साबणाची वडी काकूंनी चोळून चोळून पार मऊ केली होती.

त्रेचाळिसाव्या मिनिटाला सिस्टरनं डोकं बाहेर काढलं. "पी रहा है!"

काकूंनी आनंदाच्या भरात समोरून चाललेल्या वॉचमनचेही हात तपासले. मी न सांगता माझे धुऊन आलो.

सव्वा महिन्यानं पेढे घेऊन काकूंकडे गेलो, तेव्हा त्या बाटल्या पाहिल्या. एकवीस गळ्यापर्यंत भरलेल्या. पहिली मात्र जुनी, काचेची, दोन बोटं रिकामी. मला फरक दिसला की विचारल्याशिवाय राहवत नाही.

"ही कमी कशी, काकू?"

"ते माह्याच घरची हाय." काकू पदरानं बाटली पुसत राहिल्या. "तीन दिवस चाटवलं मी माह्या लेकराले. दूध पिळून फेकलं. कोनी माहा हात धरला नाई, भाऊ. चवथा दिवस त्यानं पायलाच नाई."

मी पेढ्यांचा पुडा फळीवर ठेवला.

काकूंनी बाटली जागेवर ठेवली. "रेखीचं लेकरू किती भरलं?"

"तीन किलो शंभर."

"आनखी एक डाव सांगा."

"तीन किलो शंभर, काकू," मी म्हणालो. "काल दोनदा मोजलं."